टाका आधी, दुमड नंतर : कोयरीचं ॲप्लिक हाताने शिकताना

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: आजीकडून गोधडी शिकलेय, धावदोरा सरळ आणि बारीक पडतो. बहिणीला दोन महिन्यांनी बाळ होणार आहे, त्याच्यासाठी नऊ कोयऱ्यांची छोटी गोधडी करायला घेतलीय. व्हिडिओ बघून सुईनेच कड आत सारत ॲप्लिक (कापलेला आकार दुसऱ्या कापडावर शिवणं) करून पाहिलं, पण कड नागमोडी येते, टोक बोथट होतं आणि आजीच्या खणाच्या तर नुसत्या दशा निघतात. हेच सुईने सारणं, म्हणजे नीडल टर्न, करू, खळ लावून इस्त्री करू, की सरळ मशीनवर झिगझॅग मारू? आणि कोयऱ्या तयार गोधडीवर लावायच्या की आधी?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे, ते आधी देऊन टाकते. कोयऱ्या आधी लावायच्या, नुसत्या वरच्या कापडावर. मग थर घालायचे आणि मग धावदोरा. तयार गोधडीवर बारीक टाका घालायला गेलात तर सुई प्रत्येक वेळी चार थरांत रुतते आणि हात दुखतो. याला एक सुंदर अपवाद आहे. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी) समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, तेव्हा ठिगळाची कड दुमडून ते सगळ्या थरांतून एकदमच धावदोऱ्याने शिवतात आणि कडेकडून आत आत येत मध्यावर संपवतात. पण तिथे टाका दिसतो आणि तो दिसावा हीच तर मजा असते. तुम्हाला टाका लपवायचाय, त्यामुळे तो रस्ता आपला नाही.

आता मुख्य गोष्ट. मी बावीस वर्षं कोथरूडला घरी हे शिकवते, आणि ज्यांना गोधडी येते त्यांनाच सुरुवातीला ॲप्लिक जास्त जड जातं हे दर वर्गात बघते. ज्यांनी कधी सुई धरली नाही त्या बिचाऱ्या सांगू तसं करतात. गोधडीवाल्या हाताला मात्र सवयी असतात, आणि त्या चांगल्या सवयी असतात, फक्त दुसऱ्या कामाच्या. गोधडीत दोरा दुहेरी आणि जाड. सुईवर चार-पाच टाके चढवायचे आणि एकदम ओढायचे. वर जरा ओढ द्यायची, म्हणजे थर एकमेकांना धरतात. ॲप्लिकमध्ये यातलं प्रत्येक उलटं: दोरा एकेरी, टाका एकावेळी एक, आणि ओढ जवळजवळ नाही. तुमची नागमोडी कड मला न बघताही कळते. टाके लांब पडलेत आणि प्रत्येक टाक्याला ओढ बसलीय, म्हणून टाक्याजवळ कड आत गेलीय आणि दोन टाक्यांच्या मध्ये फुगलीय.

दुसरं म्हणजे तुम्ही दोन कामं एकाच वेळी शिकताय. न दिसणारा टाका घालणं हे एक काम. सुईने कड आत सारून वळण नेमकं ठेवणं हे दुसरं. नीडल टर्नमध्ये दोन्ही एकाच क्षणी करावी लागतात, एका हाताचा अंगठा दुमड धरतो आणि दुसरा हात टाका घालतो. व्हिडिओतल्या बाईंना ते जमतं, कारण त्यांचा टाका डोळे मिटून पडतो. म्हणून माझं सरळ मत: पहिल्या दोन कोयऱ्या खळ आणि इस्त्रीने कड आधीच दुमडून घेऊन करा. त्या वेळी फक्त टाका शिका. तिसऱ्या कोयरीपासून दुमड सुईकडे द्या. ‘कोणती पद्धत’ याचं उत्तर ‘दोन्ही, पण या क्रमाने’ असं आहे. मशीनच्या झिगझॅगला मी नाक मुरडत नाही. शाळेच्या दप्तरावर नाव लावायचं तर मीही तेच करते. पण गम लावलेलं फ्युजिंग (इस्त्रीने चिकटवायचं अस्तर) आणि भरगच्च झिगझॅग असलेली गोधडी कोयरीपुरती पुठ्ठ्यासारखी होते, आणि बाळाच्या गालाला तीच लागते.

कापडाचं बघू, कारण निम्मी भांडणं तिथेच मिटतात. घट्ट विणीचं शुद्ध सुती, पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक घ्या. रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये मिळेल, मात्र ‘कॉटनच आहे’ या शब्दावर जाऊ नका. दोन दोरे उपसून घरी जाळून बघा. सुती दोऱ्याला कागद जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. सिंथेटिक वितळतं आणि कडक मणी उरतो. भेसळीच्या कापडाला इस्त्रीची घडी धरत नाही, तुम्ही दुमडता आणि ते परत उठतं. ब्लाऊजचं टू बाय टू दिसायला छान, पण पातळ असतं. आतली दुमड आणि खालचा रंग वर दिसतो.

कापायच्या आधी सगळं कापड धुवा, आणि लाल, जांभळं, निळं वेगवेगळं. ही माझी खरचटलेली जागा आहे. एका प्रदर्शनासाठी मी पांढऱ्या मांजरपाटावर गडद लाल जास्वंदी लावल्या होत्या. दुकानदार म्हणाला होता रंग जाणार नाही, आणि मी तीन महिने शिवत बसले. पहिल्याच धुण्यात सगळं मांजरपाट गुलाबी. आता मी ओल्या पांढऱ्या रुमालावर कापड ठेवून वरून गरम इस्त्री दाबते. रुमालाला डाग लागला तर परत धुवायचं, तीनदा धुऊनही लागला तर ते कापड बाळाच्या गोधडीत नाही.

खणाचं काय? भावना मला कळते, आजीचा खण आहे. पण खणाची वीण सैल, पाठीमागे नक्षीचे धागे सुटे. सुईने कड आत सारायला गेलं की प्रत्येक फटकाऱ्यात एक धागा बाहेर. त्याला नीडल टर्न करूच नका. खणासाठी शिंप्याची युक्ती वापरा. खणाची सुलट बाजू आणि जुन्या मलमलची एक बाजू समोरासमोर ठेवा, कोयरीच्या रेघेवरून सबंध गोल टीप मारा, कुठेही तोंड ठेवू नका. बाहेर पाऊण सेंटीमीटर माया ठेवून कापा, आतल्या वळणावर चिरा द्या, टोकाशी कोपरा छाटा. मग फक्त मलमलच्या मधोमध कात्रीने चीर पाडून कोयरी त्यातून उलटवून घ्या. कड आपोआप आत जाते आणि एकही दशी बाहेर दिसत नाही. मलमलची चीर खालीच राहते. नऊपैकी एक किंवा दोनच खणाच्या करा, मध्यावर शोभतील.

माया म्हणजे रेघेबाहेर सोडलेलं कापड. शिंप्यांनी कसला शब्द काढलाय बघा, कमी असली तर कापड उसवतं आणि जास्त असली तर आत गोळा होऊन बसते. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तुम्ही एक सेंटीमीटर ठेवलीय, ब्लाऊज शिवताना ठेवतो तशी. सुईने आत सारायची कड असेल तर ५ मिलिमीटर पुरेत, टोकाशी आणि आतल्या वळणावर ३ ते ४. खळीच्या पद्धतीत ६ ठेवा, कारण ती पुठ्ठ्यावरून वळवायची असते.

तर पहिली कोयरी. कोयरी मी नेहमी पहिला धडा म्हणून देते, कारण तिच्यात सगळं आलं: बाहेरचं पोट, मानेचं आतलं वळण आणि वाकलेलं टोक. पोस्टकार्डाच्या जाडीच्या पुठ्ठ्यावर नेमकी कोयरी कापा. लग्नपत्रिका चालते, पण चकचकीत किंवा सोनेरी छपाई नसलेली, तसली छपाई इस्त्रीखाली कापडाला चिकटते (अनुभव आहे, कुणाच्या तरी ‘शुभविवाह’ची सोनेरी अक्षरं माझ्या हिरव्या पॉपलिनवर उमटली होती). कापड कापताना कोयरी जरा तिरकी, उरेबमध्ये ठेवा, म्हणजे वळणं खळखळ करत नाहीत. पोटाच्या भागात मायेतून बारीक धावदोरा घाला, पुठ्ठा मध्ये ठेवा आणि दोरा ओढा. बटव्याचं तोंड आवळतं तसं कापड पुठ्ठ्यावर बसतं. आतल्या वळणाला आधी तीन-चार चिरा द्या. टोकाशी प्रथम टोक सरळ आत दुमडायचं, मग एक बाजू, मग दुसरी. साबुदाण्याची पातळ खळ बोटाने किंवा कापसाने मायेवर लावा आणि इस्त्रीने कोरडी होईपर्यंत दाबा. पूर्ण गार झाल्यावरच पुठ्ठा काढा. गरम असताना काढलात तर वळण उलगडतं.

आता टाका. साडीला हाताने फॉल लावलाय का कधी? लावला असेल तर अर्धं ॲप्लिक येतं तुम्हाला. फॉल लावताना आपण दोरा साडीच्या रंगाचा घेतो, कारण साडीवर जो इवलासा टिपका दिसतो तो लपायला हवा. इथे दोरा कोयरीच्या रंगाचा, खालच्या कापडाच्या नाही. नेमका रंग मिळाला नाही तर एक छटा गडद घ्या, फिकट दोरा लगेच डोळ्यांत भरतो. रिळावर ५० किंवा ६० आकडा असलेला सुती दोरा चांगला, आकडा मोठा तितका दोरा बारीक. तो मिळाला नाही तर भरतकामाच्या सहापदरी लडीतला एकच पदर काढून घ्या, रंगही हवे तितके मिळतात. लांबी बोटापासून कोपरापर्यंतच, जास्त घेतलीत तर तो कापडातून जाऊन जाऊन पिसारतो. सुई १० नंबरची शार्प्स किंवा लांब बारीक मिलिनर्स. तुळशीबागेत मिश्र पाकीट मिळतं, त्यातली सगळ्यात बारीक उचला. गोधडीची जाड सुई इथे घेतलीत तर भोक टाक्यापेक्षा मोठं दिसेल.

कोयरी खालच्या कापडावर ठेवा आणि कच्चा (नंतर काढायचा) दोरा घाला, पण तो उलट बाजूने घाला आणि कडेपासून एक सेंटीमीटर आत ठेवा. टाचण्या लावायच्या असतील तर त्याही उलट बाजूने, नाहीतर दोरा दर दुसऱ्या टाक्याला टाचणीच्या डोक्यात अडकतो. उजव्या हाताने शिवत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेने जा. गाठ कोयरीच्या आत लपवून सुई दुमडीच्या अगदी धारेतून वर काढा. धारेच्या वर नाही, आत नाही, घडीच्या काठावर. सुई जिथून बाहेर आली तिच्या बरोबर समोर, जवळजवळ कोयरीच्या कडेखाली, खालच्या कापडात खुपसा. पुढे नाही, समोरच. पुढे जायचं ते खालून, दीड-दोन मिलिमीटर, आणि परत धारेतून वर. म्हणजे वरून दिसणारा टाका फक्त धार ओलांडण्यापुरता, आणि चाल सगळी उलट बाजूला. तुमचे टाके तिरके दिसत असतील तर तुम्ही वरूनच पुढे चाललाय, फॉलची सवय. दर तीन टाक्यांनी दोरा हलका सारखा करा. हलका म्हणजे टाका कापडात बुडेल इतकाच. कापडावर खळगा दिसला की ओढ जास्त झाली.

अशा दोन कोयऱ्या करा. दुसरीच्या शेवटी उलट बाजू बघा: एका सेंटीमीटरमध्ये पाच-सहा टाके आणि सगळे सारख्या अंतरावर असतील, तर टाका आला. पहिलीला मला वाटतं अडीच-तीन तास लागतील, दुसरीला दोन. घाई करू नका, दोन महिने पुष्कळ आहेत.

तिसरी कोयरी सुईवर. सुलट बाजूवर पेन्सिलीने रेघ काढा. इस्त्रीने उडणारं जेल पेन सगळे वापरतात, पण गडद कापडावर त्याची पांढरट सावली राहते, म्हणून मी पेन्सिलच. सुरुवात टोकापासून कधीही करू नका, पोटाच्या सरळशा भागातून करा. आणि हे लक्षात ठेवा: पुढचा फक्त एक सेंटीमीटर दुमडायचा. सगळी बाजू बोटांनी दाबून ठेवायला गेलात तर पुढे जाईपर्यंत ती ढिली होते आणि तुम्ही परत परत सारत बसता. डाव्या अंगठ्याच्या नखाने दुमड धरा, दोन टाके घाला, मग पुढचं सारा. सारताना सुईचं टोक वापरू नका, ते धाग्यात घुसतं आणि दशा काढतं. सुई आडवी धरून तिच्या अंगाने माया आत झाडल्यासारखी ढकला. मला स्वतःला सुईपेक्षा दात कोरायची लाकडी काडी बरी वाटते, टोकाला जराशी ओली करून. ओलं लाकूड कापडाला धरतं, सुई घसरते. पेन्सिलीची रेघ दुमडीत पूर्ण गेली पाहिजे. दिसत राहिली तर कोयरी प्रत्येक ठिकाणी निराळी होईल.

पोटावर चिरा देऊ नका. बाहेरच्या वळणाला चीर दिली की तिथे कोना उमटतो, तुमची ‘नागमोडी’ काही अंशी त्यामुळेही असेल. बाहेरच्या वळणावर माया आत जास्त होते, तिला काडीने थोडी थोडी पसरवायची. आतलं वळण मात्र चिरेशिवाय वळणारच नाही. चार-पाच मिलिमीटरवर एक चीर, रेघेच्या एक-दोन धागे अलीकडे थांबलेली. आणि ती आधी नाही, तिथे पोहोचल्यावर द्यायची. सकाळी चिरा देऊन संध्याकाळी शिवायला बसलात तर मधल्या वेळात त्या स्वतःच पुढे सरकलेल्या असतात. मानेच्या सगळ्यात खोल जागी टाके एक-एक मिलिमीटरवर घ्या आणि कड जरा जास्त आत ढकला.

आता टोक, ज्याच्यासाठी सगळे रडतात. टोकापर्यंत शिवत या, शेवटचा टाका अगदी रेघेच्या टोकावर पडला पाहिजे. तिथे दुसरा टाका त्याच जागी घाला, टोक पक्कं होतं. थांबा. सुई बाजूला ठेवा. आत्ता दुमडलेल्या बाजूची माया टोकाच्या पुढे कानासारखी बाहेर आलेली दिसेल, ती कात्रीने छाटा, पण रेघेपासून ३ मिलिमीटर राहू द्या. कापड वळवा, म्हणजे दुसरी बाजू तुमच्या समोर येईल. आधी टोकाचा तो छोटा चौकोन आडवा आत घाला, मग काडीने दुसरी बाजू टोकाकडून आत झाडा. इथे लोक घाबरून टोक दाबून टाकतात. दाबू नका, उलट शेवटच्या टाक्याचा दोरा टोकाच्या दिशेने अलगद ओढा. आतला गोळा सरळ होतो आणि टोक बाहेर येतं. मग पहिला टाका टोकाच्या अगदी लगेच. पहिली दोन टोकं बोथट होतीलच, माझीही झाली होती. तिसऱ्यापासून कात्री किती आत न्यायची ते हाताला कळतं.

काही गोष्टी तुमच्यावर आहेत, मला इथून सांगता येणार नाहीत. चाळिशीचा चष्मा असेल तर संध्याकाळी गडद कापडावर गडद दोरा घेऊन बसू नका, गॅलरीतला सकाळचा उजेड वापरा. गोधडी आठवड्याला मशीनमध्ये धुतली जाणार असेल तर टाके थोडे जवळ घ्या. हाताला घाम येत असेल, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्यात कुणाला येत नाही, तर सुई चिकटते. टाल्कम पावडर लावा, पण गडद कापडापासून हात झटकून.

ज्याच्यावर कोयरी लावायची तो खालच्या कापडाचा प्रत्येक चौकोन कापताना लागतो त्यापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर मोठा कापा. ॲप्लिक केल्यावर कापड नकळत आक्रसतं. सगळे टाके झाले की कच्चा दोरा काढा, कोमट पाण्यात खळ धुऊन टाका, जाड टॉवेलवर कोयरी पालथी ठेवून उलट बाजूने इस्त्री करा. सुलट बाजूने केलीत तर कोयरी चपटी होते आणि आतली माया वर उमटते. मग चौकोन मापात कापा. थर घातल्यावर तुमचा तो सरळ बारीक धावदोरा कोयरीच्या भोवती अर्धा सेंटीमीटर अंतरावर फिरवा. तिथे तुमच्या आजीचा हात उपयोगी पडेल, तोवर त्याला जरा गप्प बसवा. बाळासाठी असल्यामुळे आरसे, मणी, टिकल्या काही नकोत, आणि मागे सुटलेले दोरे आखूड कापून पक्के करा.

चौकोन जोडायच्या आधी नवाच्या नऊ जमिनीवर मांडून बघा. पहिल्या दोन कोयऱ्या फेकू नका, पायाकडच्या दोन कोपऱ्यांत लावा. गोधडीचा तो भाग गादीखाली दुमडलेला असतो. मधली जागा खणाच्या कोयरीला ठेवा, आणि शेवटच्या तिघी डोक्याकडे.